बांधावरची वकिली

न्यायाधीशपदाच्या परीक्षेवर आज लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. पाथर्डी तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याचं पत्र आलंय. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. घरात वकील तर सोडाच, पदवीपर्यंत पोचलेलाही हाच पहिला. तो विचारतो, 'मूट कोर्टात फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांपुढे माझी बोबडी वळते. माझ्यासारख्याचा कोर्टात काय उपयोग?'

अरे बाबा, सुनावणीच्या दिवशी तहसील कचेरीत एकदा नुसता जाऊन उभा राहा.

मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ हा माझा फार आवडता कायदा. कॉलेजात त्याचं कुणी फारसं नाव काढत नाही. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर पट्ट्यात ऊस तोडायला आला, की शेजारी हटकून रस्ता अडवतो. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर या कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागायची, तीही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ता मुळात नसेलच आणि बांधावरून नव्याने हवा असेल, तर जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३. या दोन्हींची गल्लत करून केलेले कितीतरी अर्ज मी पाहिलेत. वहिवाटीचा रस्ताही सांगतात आणि त्याच अर्जात नवीन रस्ताही मागतात. मग समोरचा वकील पहिल्याच तारखेला कचाट्यात पकडतो.

पण खरी गंमत स्थळपाहणीत. सामनेवाला छातीठोकपणे सांगतो, 'इथं रस्ता कधी नव्हताच.' गट नकाशात काही दिसत नाही. अशा वेळी चारीकडे बघायचं. चारीच्या तळाशी सिमेंटची नळी आणि वर मुरूम टाकलेला असेल, तर ती नळी कुणीतरी गाडी जावी म्हणूनच टाकलेली असते. बांध नेमका तिथेच फुटलेला असतो, चाकोऱ्याही दिसतात. एवढं पंचनाम्यात नीट उतरलं, की अर्धं काम झालं. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर वळवायला किती जागा लागते, हे शहरातल्या हुशार ज्युनिअरला विचारून बघा. पाथर्डीच्या या पोराने लहानपणापासून ते पाहिलेलं आहे. वहिवाट, फाळणी, सामाईक विहिरीतल्या पाण्याची पाळी, सातबाऱ्यावरचे इतर हक्क हे त्याला घरच्या बोलण्यातून आलेलं आहे. दुसऱ्याला ते शिकायला काही वर्षं जातात.

भाषेचं म्हणशील, तर जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. इंग्रजी लागतं ते वर, आपल्या जिल्ह्याची अपिलं छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे जातात तेव्हा. तिथे जायचंच नाही असं ठरवू नकोस. आठवड्याला एक मराठी निकाल घे आणि त्याचं पानभर इंग्रजी कर. मूट कोर्टापेक्षा याने जास्त इंग्रजी येतं, असं माझं मत आहे. मूट कोर्टवाल्यांना राग आला तर येवो.

सीनिअर निवडताना मात्र नुसत्या महसुलात रमलेला नको, दिवाणीही चालवणारा बघ. कलम १४३ खालच्या निर्णयाविरुद्ध वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. तहसीलपासून दिवाणी कोर्टापर्यंत एकच प्रकरण हाताखालून गेलं, की कागद कसा वाढत जातो ते कळतं.

आणखी एका वाचकाने सनदेच्या खर्चाचं विचारलंय. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला सांगितलं, की नोंदणीसाठी कायद्यातल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही. सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. मुद्रांक शुल्क लागत असेल तर ते वेगळं.

परीक्षा पुढच्या वेळी नक्की. २० मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. ती वर्षं कधीपासून मोजायची आणि दाखल्यावर कुणाकुणाच्या सह्या लागतात, तिथून सुरुवात करू.