शेवंतीचा शेंडा खुडताना

हैदराबादेत शेवंतीला चामंती म्हणतात. बतुकम्माचा सण जवळ आला की गुडिमलकापूरच्या फूलबाजारात तिचे ढीग लागतात. घरच्या कुंडीतली शेवंती मात्र बरेचदा उंच, किडमिडी वाढते आणि टोकाला चारच फुले देते. याचे कारण शेंड्यात असते. तिथे तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरते आणि बगलेतल्या कोंबांना दाबून ठेवते. शेंडा गेला की ते कोंब जागे होतात.

जून-जुलैत लावलेले रोप वीतभर झाले, की वरची दोन-तीन पाने शेंड्यासह नखाने खुडावीत. नव्या फांद्या तेवढ्याच वाढल्या की पुन्हा एकदा. हात आखडू नका. खुडताना जीव तुटतो खरा, पण झाड डेरेदार होते ते यानेच. ऑगस्ट संपला की मात्र थांबायचे. शेवंती लांबलेल्या रात्री ओळखून कळ्या धरते, तेव्हा खुडलेला शेंडा म्हणजे गेलेले फूल. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडत असेल, तर कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा.