पोटावरच्या टायरला गंज!

गाडीचा टायर कधी गंजलेला पाहिलाय? नाही ना? पोटावरच्या टायरचं मात्र काही सांगता येत नाही!

डब्याच्या तळाशी विसरलेले शेंगदाणे तोंडात टाका. ईऽऽ, खवट! तेलाची ऑक्सिजनशी गाठ पडली की हे होतं, जसा लोखंडाला गंज. त्याच घराण्यातली केमिस्ट्री आपल्या अंगातही चालते. पेशी ऑक्सिजन वापरताना फ्री रॅडिकल्स नावाची वांड कार्टी जन्माला येतात. ती आवरेनाशी झाली की त्याचं नाव ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. ईएमआयचा स्ट्रेस वेगळा, तो तुमचा तुम्ही बघा.

२००४ मध्ये जपानी संशोधकांना लठ्ठ उंदरांत काय दिसलं, माहीत आहे का? साठलेली चरबी स्वतःच ही कार्टी पैदा करते! वर इन्सुलिनला हात देणारं अ‍ॅडिपोनेक्टिन हार्मोनही घटतं. म्हणजे भाडेकरूच घराला आग लावतोय.

बरं, १० किलो चरबी ‘जळली’ की जाते कुठे? ८.४ किलो चक्क श्वासावाटे, कार्बन डायऑक्साइड होऊन! उरलेल्या १.६ किलोचं पाणी. त्यासाठी ऑक्सिजन लागतो २९ किलो. खरंच ‘हवा निघून जाते’!

आता आपलं पुणं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीने काढलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये झळकला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सेम, २२.३. आणि अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! आडनावांवरून याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणतात. व्हाय, व्हाय? अहो, हे जन्मापासूनच! पुण्याच्या आसपासच्या गावांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हाडकुळी खरी, पण चरबी राखून असतात. ‘थिन-फॅट’ हे बिरुद आपल्याला तिथूनच चिकटलं.

सगळी चरबी व्हिलन नसते हं. ब्राउन फॅट उष्णता देते, आणि तिचा तपकिरी रंग येतो पेशींच्या वीजघरांतल्या, म्हणजे मायटोकाँड्रियातल्या लोहामुळे. गंजाची आठवण झाली की नाही?

आता या वांड कार्ट्यांना आवरणारं व्हिटॅमिन सी. ते शोधणाऱ्या सेंट-ग्यॉर्गी यांनी त्याला ‘गॉडनोज’ नाव सुचवलं होतं, म्हणजे देव जाणे! शोधपत्रिकेच्या संपादकाने ते हाणून पाडलं. रसिकता नाही, दुसरं काय.

मग गोळ्या खाऊन गंज उतरवायचा? थांबा! २००९ मध्ये जर्मनीत तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना सोबत सी आणि ई व्हिटॅमिन. इन्सुलिनचं काम सुधारलं ते गोळ्या न खाणाऱ्यांचं! व्यायामात उसळणारी कार्टीच शरीराला ‘ऊठ, कामाला लाग’ असा निरोप देत होती. गोळ्यांनी त्यांची तोंडं बंद केली.

आणि पोटावरचा टायर जोखायला काट्यावर उभं राहण्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, बाईची ८० च्या आत हवी. आणि पोट आत ओढून मोजू नका हं, चीटिंग नॉट अलाउड!