वळिवड्याची पोलिश शाळा

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत राहणाऱ्याला 'कॅम्प' म्हटलं की उल्हासनगर आठवतं. कल्याणचा लष्करी कॅम्प महायुद्धानंतर रिकामा झाला, सिंधी निर्वासितांनी भरला आणि पत्त्यात बॅरक नंबर सांगायची सवय मागे ठेवून गेला. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची कुळकथाही तशीच. आज तिथे दुकानदार कापडाच्या खरेदीला जातात. पण सिंधी कुटुंबं यायच्या आधी, 1943 ते 1948, त्या वळिवडे कॅम्पात पोलंड नांदत होता, बालवाडीपासून मॅट्रिकपर्यंतच्या शाळांसकट.

युद्धकाळात पुरंदर आणि साताऱ्याला जर्मन कुटुंबं नजरकैदेत होती. वळिवड्याचे पोलिश कैदी नव्हते. त्यांचं बंदिवासाचं भोगून झालं होतं. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात टाकलं. 1941 च्या पोलंड-सोव्हिएत करारानंतर सुटका झाली आणि जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यामागोमाग ते इराणात, तिथून कराचीमार्गे वळिवड्याला पोचले. माणसं सुमारे पाच हजार, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. धडधाकट पुरुष सैन्यात. त्यातले पुष्कळ पुढे इटलीत लढले.

अशा वस्तीत शाळा काढायची म्हणजे पहिली अडचण वयाची. दोन-तीन वर्षं मुलांची शाळा सुटलेली किंवा रशियन शाळेत गेलेली. बारा-तेरा वर्षांचा मुलगा उपासमार, टायफॉइड, दफनं सगळं पाहून आलेला, आणि पोलिश शुद्धलेखनात मात्र कच्चा. त्याला लहानग्यांच्या बाकावर बसवायचं कसं? दुसरी अडचण शिक्षकांची. त्यावर कॅम्पाने सरळ उपाय केला: शिक्षक तयार करायचा वर्गही तिथेच काढला. चार प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, वरचे वर्ग, धंदेशिक्षण असा पसारा उभा राहिला. पोलिश पाठ्यपुस्तकं तेव्हा जेरुसलेमला छापली जात. वॉर्सा जर्मनांच्या ताब्यात होतं, आणि तिथे पोलिश शाळा चोरून भरत होत्या.

बॅरकी कौलारू होत्या, भिंती बांबूच्या चटयांच्या. कुटुंबाला दोन खोल्या, पुढे व्हरांडा. शाळा सुटली की स्काउटची शिबिरं. त्यासाठी आलेले झ्झिस्वाव पेश्कोव्स्की हे कातिन हत्याकांडातून वाचलेले अधिकारी; पुढे ते धर्मगुरू झाले. जामनगरजवळच्या बालाचडीत जामसाहेबांनी पोलिश मुलांना आसरा दिला, ती गोष्ट देशभर सांगितली जाते आणि सांगावीच. पण शाळेचा मोठा संसार वळिवड्याचा. 1946 मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तिथली मुलंही इकडेच आली.

शाळा चालली ती परत जायच्या तयारीने. अभ्यासक्रम पोलंडचा, इतिहास-भूगोल पोलंडचा, परीक्षाही तिकडच्या धर्तीची. आणि फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टाच्या परिषदेत या मुलांची गावं बहुतेक सोव्हिएत संघाकडे गेली. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारच्या नावाने शाळा चालायची तेच कागदावरून गेलं. तरीही वर्ग बंद झाले नाहीत. मला यात भाबडेपणा दिसत नाही. पुढे कुठे जायचं ठाऊक नसलेल्या मुलाला आपली भाषा नीट लिहिता यावी, एवढा हिशेब कॅम्पातल्या बायकांनी चोख केला होता, असं वाटतं.

1947-48 मध्ये कॅम्प हलला. थोडे पोलंडला परतले. बाकीचे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, पूर्व आफ्रिका असे पांगले. लंडनमध्ये त्यांनी भारतातल्या पोलिशांची संघटना काढली, आठवणी आणि कागदपत्रं जमवून जाडजूड ग्रंथ छापला. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांच्या नावाचा स्मृतिस्तंभ आहे. सप्टेंबर 2019 मध्ये त्या कॅम्पात वाढलेली काही मुलं, तेव्हा ऐंशी-नव्वदीतली, पुन्हा कोल्हापूरला आली होती.