कपाळावरचा ताप आणि बेलसरचा झिका

मोरगावहून जेजुरी ओलांडली की पुरंदरमधलं बेलसर फार दूर नाही. जुलै २०२१ मध्ये तिथे तापाचे रुग्ण वाढले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या पथकानं बेलसर आणि परिंचे इथल्या ४१ जणांचं रक्त तपासलं. २५ जणांना चिकुनगुनिया निघाला आणि बेलसरच्या एका महिलेला चक्क झिका! महाराष्ट्रातला तो पहिला रुग्ण.

परदेशातून येणाऱ्याच्या कपाळावर विमानतळावर तापमापक रोखलं की रोग वेशीवरच अडतो, अशी अनेकांची समजूत आहे. पण झिकाची लागण झालेल्या बहुतेकांना लक्षणंच नसतात. मग तापमापक पकडणार काय? कोरोनाही वेशीवर अडला नाही. ९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले दोन कोरोनारुग्ण सापडले. ते १ मार्चला दुबईहून मुंबईत उतरून टॅक्सीनं पुण्याला आले होते. पुढे टॅक्सीचालकही बाधित निघाला.

प्रवाशाचा ताप मोजण्याऐवजी नमुना तपासला, तर मात्र तो जिथून आला तिथली बातमी कळते. शितावरून भाताची परीक्षा म्हणा ना! २०१७ मध्ये क्यूबात झिकाची साथ पसरली होती आणि जगाला तिचा पत्ता नव्हता. संशोधक नेथन ग्रूबॉ आणि सहकाऱ्यांनी क्यूबाहून फ्लोरिडा व युरोपात परतलेल्या प्रवाशांच्या नोंदी आणि विषाणूंचे जनुकक्रम जुळवले, आणि २०१९ मध्ये ती दडलेली साथ जगासमोर मांडली. शोधाची ही पद्धत मला विलक्षण सुंदर वाटते. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेनंही कोरोनासाठी विमानतळांवर स्वेच्छेनं स्वॅब देणाऱ्यांची तपासणी सुरू केली, तीही भारतातून येणाऱ्या प्रवाशांपासून.

तरीही हा उपाय गरीब देशांतल्या प्रयोगशाळांची जागा घेईल, हा दावा मला पटत नाही. विमानात बसतो तो ज्याला तिकीट परवडतं तो. ऊसतोड मजुराचा ताप कुठल्याच विमानतळावर दिसणार नाही.

त्यासाठी लोकांमध्ये जाऊनच रक्त तपासावं लागतं, आणि पुण्यात हे काम जुनं आहे. १९५२ मध्ये इथे विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, सुरू झालं आणि लगेच देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या लोकांचं रक्त तपासायला घेतलं गेलं. काही नमुन्यांत झिकाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं आढळली. डेंग्यूसारख्या जवळच्या विषाणूंमुळेही तसं दिसू शकतं, म्हणून त्या निष्कर्षावर पुढे शंका घेतली गेली, आणि ती रास्तच होती. १९५४ च्या त्या शोधनिबंधावर स्मिथबर्न आणि केर यांच्या बरोबरीनं पी. बी. गटणे हे नाव आहे. स्मिथबर्न यांचं नाव विषाणूशास्त्राच्या इतिहासात ठळक आहे. गटण्यांचं मराठी वाचकांनाही ठाऊक नाही. बेलसरचा झिका सापडला तो याच संस्थेच्या पथकानं गावात जाऊन रक्त घेतल्यामुळे.