गोवर गेला, पण जाताना काय घेऊन गेला?

"गोवर काय, सगळ्यांनाच येऊन जातो. एकदा अंगावर निघाला की सुटलो!" शेजारच्या काकूंनी सुनेला असं ठणकावून सांगितलं आणि नातवाचा दुसरा डोस राहिला तो राहिलाच. मैत्रिणींनो, काकूंचं निम्मं बरोबर आहे. पण उरलेलं निम्मं फार महागात पडणारं आहे.

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हे आपण आजीपासून ऐकत आलोय. ही गाठ म्हणजे शरीराची चौकीच. जखमेत शिरलेल्या जंतूंना पांढऱ्या पेशी आधी तिथल्या तिथे गिळतात. त्यातल्या काही जणी जंतूचा तुकडा घेऊन चौकीवर येतात. तिथे असंख्य पेशी बसलेल्या, आणि प्रत्येकीची ओळख एकेकाच आकाराशी! जिला तो तुकडा ओळखू येतो, ती भराभर वाढते. गाठ सुजते ती म्हणूनच. मग काही पेशी प्रतिपिंडं तयार करतात, तर काही जंतू शिरलेल्या आपल्याच पेशी मारून टाकतात. या सगळ्याला आठवडा तरी जातो. लढाई संपली की बहुतेक पेशी मरतात, मोजक्या मात्र शत्रूची आठवण जपत राहतात.

ही आठवण टिकते तरी किती? उत्तरेकडच्या फेरो बेटांवर १८४६ मध्ये गोवराची मोठी साथ आली. त्याआधीची १७८१ ची. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला दिसलं, की लहानपणी १७८१ मध्ये गोवर झालेल्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झालाच नाही. पासष्ट वर्षांची आठवण! आपल्याला कालची भाजी आठवत नाही.

म्हणजे गोवर पुन्हा होत नाही, हे काकूंचं खरं. पण गोवराचा विषाणू नेमका या आठवण जपणाऱ्या पेशींमध्येच शिरतो आणि त्यांना संपवतो. शरीर गोवर लक्षात ठेवतं आणि बाकीचे शत्रू विसरतं. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं होतं. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली. पुरळ मावळलं, पोर खेळायला लागलं, तरी पुढे कितीतरी महिने न्यूमोनिया आणि जुलाब त्याला सहज गाठू शकतात.

लसीतला विषाणू दुबळा केलेला असतो. तो गोवराची ओळख करून देतो, जुन्या आठवणी पुसत नाही. आठवड्याभराने थोडा ताप किंवा पुरळ आलं तर घाबरू नका, चौकीवर काम सुरू झालंय इतकंच.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराने लहान मुलं दगावली, तेव्हा "आता कुठे गोवर राहिलाय" असंही म्हणायला नको. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. तो हुकला असेल तरी पाच वर्षांपर्यंत देतात. काकूंचा नातू अजून तीन वर्षांचाच आहे.