आमसूल, आगळ आणि मुठेल

सोलकढीसाठी भिजत घातलेली आमसुले पिळून झाली की वाटीच्या तळाशी मऊ पडलेल्या, फिकट झालेल्या साली उरतात. फोंडाघाटच्या परिसरात या साली लगेच फेकल्या जात नाहीत. चिमूटभर मीठ लावून त्या समईवर, तांब्याच्या कळशीवर किंवा देवाच्या ताम्हनावर फिरवल्या जातात. दोन-चार मिनिटांत काळवंडलेले तांबे गुलाबी दिसू लागते. घाट चढून दाजीपूर-राधानगरीकडे गेलो की हेच काम चिंच करते. पण चिंचेच्या झाडापासून टाचेच्या भेगांना लावायचे लोणी मिळत नाही आणि कढीला रंगही येत नाही. रातांब्याचे एकच झाड आम्ल, रंग आणि मेद अशा तिन्ही गोष्टी घरात आणते. म्हणून रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकाला या झाडाइतका स्वस्त मदतनीस क्वचितच मिळेल.

आधी नावे नीट लावून घेऊ, कारण गल्लत तिथेच होते. झाड कोकमाचे, त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. पिकलेले लालजांभळे फळ म्हणजे रातांबा. सिंधुदुर्गात आणि गोव्यात त्यालाच भिरंड म्हणतात. फळ फोडून, बिया काढून, सालीला त्याच फळांच्या रसाची पुन्हा पुन्हा पुटे देत उन्हात वाळवली की आमसूल किंवा सोल तयार होते. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ. बियांतून निघणारा घट्ट मेद म्हणजे मुठेल, कुठे कुठे भिरंडेल.

आता तांब्याकडे वळू. भांड्यावर चढलेला काळपट थर मुख्यतः तांब्याच्या ऑक्साइडांचा असतो. आमसुलात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल भरपूर असते. वाळलेल्या सालीच्या वजनाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक. लिंबातल्या सिट्रिक आम्लाचेच हे भावंड, रेणूत एक हायड्रॉक्सिल गट जास्त. हे आम्ल ऑक्साइडाला विरघळवते आणि सुटलेल्या तांब्याच्या आयनांना आपल्या रेणूच्या हातांनी धरून ठेवते, म्हणून ते पुन्हा भांड्यावर बसत नाहीत. खालचा धातू मात्र अशा सौम्य आम्लाला सहजी दाद देत नाही. मळ जातो आणि भांडे राहते, ते यामुळे. मिठातले क्लोराइड आयनही तांब्याच्या आयनांना बांधतात, त्यामुळे काम आणखी लवकर होते.

हे वर्गात दाखवायचे तर विजेच्या वायरीतली तांब्याची तार घ्या. ज्योतीवर धरून ती काळी करा आणि निवल्यावर तिचे चार तुकडे करा. चार परीक्षानळ्यांत अनुक्रमे साधे पाणी, मिठाचे पाणी, आमसुलाचे पाणी आणि मीठ घातलेले आमसुलाचे पाणी घेऊन एकेक तुकडा टाका. कोणता तुकडा आधी उजळतो हे मुलांनी घड्याळ लावून नोंदवावे. ‘आजी मीठ का लावते?’ या प्रश्नाला मग पुस्तकात उत्तर शोधावे लागत नाही.

पितळेच्या बाबतीत थोडे जपायला हवे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. जस्त अधिक क्रियाशील असल्यामुळे आम्लात ते आधी विरघळते. आमसूल लावून समई तासन्‌तास तशीच ठेवली तर पृष्ठभागावर तांबे जास्त उरते आणि पिवळ्या पितळेवर लालसर डाग दिसतात. पुष्कळ जण त्याला ‘पितळ भेसळीचे निघाले’ म्हणतात आणि दुकानदाराला विनाकारण बोल लावतात. घासावे, लगेच भरपूर पाण्याने धुवावे आणि कोरडे पुसावे. ओले ठेवले तर हिरवट थर धरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

भांडे उजळणारी हीच क्रिया अन्नात घडली की तिला मराठीत एक फार नेमके क्रियापद आहे: कळकणे. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात आमसुलाची आमटी रात्रभर राहिली तर सकाळी तिला उग्र, तुरट चव येते. मघाशी मी म्हटले की सौम्य आम्ल तांब्याला सहजी खात नाही. पण आम्लाच्या जोडीला हवेतला ऑक्सिजन आणि पुरेसा वेळ मिळाला की तांब्यावर सतत नवे ऑक्साइड बनते आणि विरघळत राहते. आमटीत मीठ असतेच. अशी आमटी पोटात गेली की मळमळ, उलटी, पोटदुखी ठरलेली. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबे नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. कल्हईवाला नवसागर टाकून, तापलेल्या भांड्यावर कथिलाचा हात फिरवत असे, तो अन्न आणि तांबे यांच्यामध्ये पडदा घालण्यासाठी. (कल्हईच्या कथिलात शिसे मिसळलेले नाही ना, हे विचारून घ्यावे.) ॲल्युमिनियमच्या पातेल्यातही सोलकढी ठेवू नये. स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडाचा पातळ थर असतो, त्यामुळे जेवणापुरते ते चालते. पण मीठ आणि आम्ल दोन्ही भरपूर असलेले आगळ वर्षभर ठेवायचे तर चिनी मातीची किंवा काचेची बरणीच हवी. सध्या शोभेची आणि ‘आरोग्यदायी’ म्हणून तांब्या-पितळेची भांडी पुन्हा घरात येत आहेत, कल्हईवाले मात्र दुर्मीळ झाले आहेत. म्हणून कळकणे हा शब्द मुलांना अर्थासकट माहीत असायला हवा.

रंगाची गोष्ट हलकीफुलकी आहे, पण तिच्यात एक खाच आहे. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन गटातल्या द्रव्यांचा. जांभूळ, जास्वंद, लाल कोबी यांच्यातही हीच मंडळी असतात. आम्लात ती लाल दिसतात. आम्लता कमी होत गेली की फिकट गुलाबी, जांभळट, निळसर होतात. नारळाच्या दुधात आगळ पडले की गडद लालाचा गुलाबी होतो. पांढऱ्या दुधात रंग विरळ होतो हे एक कारण. आम्लाची तीव्रता उतरते हे दुसरे. नारळाचे दूध न घालता केलेली फुटी कढी शेजारी ठेवली की फरक नजरेत भरतो.

आता ती खाच. ‘कोकमाचे पाणी दर्शक म्हणून वापरा’ असे सांगितलेला प्रयोग बरेचदा फसतो. शिक्षक साबणाच्या पाण्यात कोकमाचे पाणी ओततात आणि रंग लालचा लालच राहतो. कारण हा दर्शक स्वतःच आम्लाने भरलेला आहे. कोकमाच्या रसाचा सामू २ च्या आसपास असतो, तेव्हा समोरचा अल्कली आधी हे आम्ल शमवण्यातच खर्ची पडतो. जास्वंदीच्या पाकळ्यांच्या पाण्यात ही अडचण येत नाही. यावर उपाय सोपा आहे. एक आमसूल अर्धा कप कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, गाळा, आणि तपासायच्या द्रावणाने परीक्षानळी निम्मी भरून त्यात या पाण्याचे दोन-तीनच थेंब टाका. खाण्याच्या सोड्यात, साबणाच्या पाण्यात, चुन्याच्या निवळीत रंग पालटलेले दिसतील. तीव्र अल्कलीत तो हिरवट-पिवळा होऊन काही वेळाने रंगद्रव्यच मोडते. मग आम्ल घातले तरी मूळ लाल परत येत नाही.

आणि फसलेला प्रयोगही टाकून देऊ नका. तो उलटा केला तर त्याचे अनुमापन होते. ठरावीक वजनाचे आमसूल ठरावीक पाण्यात भिजवा आणि लाल रंग पालटेपर्यंत सोड्याच्या द्रावणाचे किती थेंब लागले ते मोजा. घरचे आमसूल आणि बाजारचे, यंदाचे आणि गेल्या वर्षीचे, अशी तुलना आठवीची मुलेही करतील. ब्युरेट नसली तरी औषधाचा ड्रॉपर पुरतो.

तिसरी वस्तू मुठेल. माझ्या मते या झाडाचा सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. रातांब्यात पाच ते आठ बिया असतात. वाळलेल्या बियांच्या वजनात सुमारे पाव हिस्सा मेद असतो. घरगुती रीतीने तो सगळा निघत नाही, हे खरे. बिया वाळवायच्या, फोडून टरफल काढायचे, गर कुटून पाण्यात उकळायचा. मेद वर तरंगतो. तो काढून घ्यायचा आणि थिजू लागला की मुठीत दाबून गोळा करायचा.

हा गोळा कोकणातल्या मे महिन्यातही वितळत नाही. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून थंडीत थिजते आणि एरवी पातळ असते. कोको बटर ३२ ते ३५ अंशांना, म्हणजे तोंडात वितळते. मुठेलाला ३८ ते ४२ अंश लागतात. कारण त्याच्या रेणूंच्या रचनेत आहे. त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक आणि ओलेइक आम्ल सुमारे ३५ ते ४० टक्के. बहुतेक रेणूंमध्ये दोन टोकांना स्टिअरिक आणि मध्ये ओलेइक अशी एकसारखी मांडणी असते. सारख्या आकाराच्या विटा जशा घट्ट रचता येतात, तसे हे रेणू एकमेकांना चिकटून बसतात. चॉकलेट उन्हाळ्यात टिकावे यासाठी असे मेद उपयोगी पडतात. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक निर्देशात कोको बटरखेरीज जे सहा वनस्पतिज मेद ५ टक्क्यांपर्यंत चालतात, त्यांत कोकमाचे नाव आहे. आपल्याकडे सरबतासाठी फळे फोडल्यावर बियांचे ढीग अनेकदा तसेच पडून राहतात.

टाचेच्या भेगांवर मुठेल का चालते, हेही द्रवणबिंदूतच दडलेले आहे. तळव्यांना तैलग्रंथी नसतात. टाचेची कातडी जाड, तिच्यातले पाणी उडाले की ती कडक होते आणि वजनाखाली चिरते. मुठेल भेगा ‘भरून काढत’ नाही. पाणी उडू देत नाही, एवढेच त्याचे काम. खोबरेल तेल ओघळून चादरीला लागते, मुठेल मात्र जागेवर राहते. पण पायाच्या कातडीचे तापमान ४० अंश नसते, म्हणून थंड गोळा नुसता घासून फारसे काही लागत नाही. तो पळीत किंचित गरम करूनच लावायचा, आणि तोही पाय कोमट पाण्यात भिजवून, पुसून, ओलसर असतानाच; राखून ठेवायला आत पाणी तर हवे! मधुमेह असलेल्यांनी भेगांसाठी डॉक्टरांनाच गाठावे.

मुठेलाचा आणखी एक उपयोग मी मुलांना दाखवतो. साध्या कागदावर मुठेल घासून वरून कोमट इस्त्री फिरवली की कागद अर्धपारदर्शक होतो आणि पाण्याचा थेंब त्यावर गोळीसारखा उभा राहतो. झाला घरचा मेणकागद. पारदर्शकता कुठून आली? कागद पांढरा दिसतो तो तंतूंमधल्या हवेमुळे. तंतूचा अपवर्तनांक सुमारे १.५ आणि हवेचा १, त्यामुळे प्रकाश जागोजागी विखुरतो. हवेच्या जागी सुमारे १.४६ अपवर्तनांकाचा मेद शिरला की विखुरणे घटते. पाठ्यपुस्तकात ‘मेद ओळखा’ म्हणून जो तेलकट डाग असतो, त्यामागचे कारण हेच. शिवाय या मेदात लवकर खवट होणारी मेदाम्ले फार कमी असल्यामुळे, अडणाऱ्या खणाला किंवा खिडकीच्या चौकटीला मेणबत्तीऐवजी तो चोळला तरी चालतो.

अंगावर पित्त उठले की आगळ चोळतात. गार पाण्याने खाज कमी होते हे खरे. पण पित्ताची गांध बहुधा २४ तासांच्या आत आपोआप जिरते, त्यामुळे जे चोळले असेल त्याला श्रेय मिळते. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला तर मात्र आगळ शोधत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. ‘कोकमाने वजन उतरते’ हा दावा याहून मोठा आणि महागडा. हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल शरीरात मेद बनवणाऱ्या एका विकराला अडवते, हे १९६९ मध्ये प्रयोगशाळेत दिसले होते. पण १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ स्थूल व्यक्तींवर १२ आठवडे चाचणी झाली. त्यात कोकमाच्या केरळी भाऊबंदाचा, गार्सिनिया कंबोजियाचा अर्क घेणाऱ्यांचे वजन नुसत्या पोकळ गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरले नाही. हा अर्क असलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. जेवणातले आमसूल आणि अर्काची गोळी यांत मात्रेचा फार मोठा फरक आहे. सरबताच्या बाबतीत तर त्यातली साखर मोजली की वजनाचा प्रश्न तिथेच मिटतो.

या सगळ्याचा कच्चा माल एप्रिल-मे महिन्यांत, थोडाफार जूनमध्ये पिकतो आणि सुकायला लागोपाठ काही दिवसांचे कडक ऊन लागते. २०२५ साली मान्सून २५ मे रोजीच महाराष्ट्रात, देवगडपर्यंत पोचला. असा पाऊस आला की झाडावरचे रातांबे गळतात, पसरलेल्या सालींना बुरशी धरते. लागवडीचा प्रश्न आणखी वेगळा. कोकमात नर आणि मादी झाडे निराळी असतात. रोप बियांपासून वाढवले तर साधारण निम्मी नर निघतात आणि हे कळेपर्यंत सात-आठ वर्षे गेलेली असतात. यासाठी कलमेच लावावी लागतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ ही जात दिली ती अशीच कलमांनी वाढवतात. पावसात सापडलेली साल आमसुलाला उपयोगी पडत नाही, पण तिचे मीठ घालून आगळ करता येते आणि बिया तर चुलीवरच्या धगीतही सुकतात. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा घरोघरी अशा बिया असतात. किलोभर गोळा करून सुकवल्या, फोडून गर काढला, कुटून उकळला आणि वर आलेल्या मेदाचे वजन करून ठेवले की पुढच्या वर्षीच्या वर्गाला तुलनेसाठी पहिला आकडा मिळतो.