काळा-पांढरा: रंग की नाही?

वडीगोद्रीच्या शिवारात कापूस फुटला की खाली काळं, वर पांढरं. आता हे रंग धरायचे का? न्यूटनच्या लोलकातून निघालेल्या पट्ट्यात तर दोन्ही नाहीत. पांढरा म्हणजे सगळ्या रंगांचा प्रकाश एकत्र, काळा म्हणजे प्रकाशच नाही. पण रंगाच्या दुकानात टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा आणि काजळीचा काळा डब्यात मिळतोच की! मी दुकानदाराच्या बाजूने.

खरी गंमत जमिनीत आहे. कापसाचे तंतू बहुतेक प्रकाश विखरून टाकतात; काळी माती तो गिळते, पण सगळा नाही. मृदाशास्त्रज्ञ ढेकूळ मुन्सेलच्या रंगतक्त्याशी ताडून बघतात, तेव्हा आपली ‘काळी’ बऱ्याचदा गडद करडी किंवा तपकिरी निघते. भिजवली की आणखी गडद, म्हणून कोरड्या-ओल्या रंगाची नोंद वेगवेगळी करतात.